लटकता सूर

दार बंद होतं आणि आतून यांचा आवाज येत होता.

शब्द कळत नव्हते, पण वाक्य कळत होतं. ते सुरू झालं, मधे जरा वर चढलं आणि शेवटी नीट खाली येऊन टेकलं. जिना उतरून माणूस शेवटच्या पायरीवरून जमिनीवर पाऊल ठेवतो ना, तसं. मग दुसरं वाक्य. मग स्पीच थेरपीचे सर हसल्याचा आवाज.

मी पाण्याचा पेला घेऊन बाहेर उभी होते. 

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून यांच्या तोंडून असं अख्खं वाक्य बाहेर पडलं नव्हतं. उजवा हात बऱ्यापैकी सावरला होता. काठी घेऊन चालत होते, माणसं ओळखत होते, सगळं समजत होतं. फक्त बोलणं तुटलं होतं. तहान लागली की "पाणी" म्हणायचे आणि थांबायचे. मग "पिणं". मग नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी म्हणायचे, "पाणी प्यायचंय? गार देऊ की कोमट?" आणि ते मान हलवायचे. असं आमचं चाललं होतं. आणि इथे बंद दाराआड, एका परक्या माणसापुढे, वाक्यामागून वाक्य!

देवाचं आणि माझं तसं जुनं आहे. सकाळी आंघोळ करून माळ ओढल्याशिवाय मी चहाला तोंड लावत नाही. झटक्यानंतर त्यात एक नेम वाढवला. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावायचा आणि तेल संपून वात विझेपर्यंत मौन पाळायचं. माझं बोलणं तेवढा वेळ तुझ्याकडे ठेव आणि यांचं यांना परत दे, एवढंच मागणं. यांनी माझ्याशी दोन वाक्यं धड बोलावीत, बाकी काही नको. आणि ज्यांच्यासाठी मी तोंड मिटून बसते तेच चोरून बोलत असतील, तर मी देवापुढे बसून नेमकं काय मागत होते?

पेला तसाच घेऊन मी स्वयंपाकघरात परत आले. तिथे वन्सं लसूण सोलत बसल्या होत्या. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. राहतात वरच्या मजल्यावर, पण दिवसाचा निम्मा वेळ माझ्या ओट्यापाशी.

"काय गं, भूत बघितलंस का?"

मी सांगितलं.

"मी म्हणत नव्हते?" वन्संनी सुरी खाली ठेवली. "भोंग्या लहानपणापासून असाच. शाळा नको असली की घसा बसायचा. आई काढा करायला उठली की सुटायचा."

"अहो पण वन्सं, डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवलाय."

"फोटोत बोलणं दिसतं का?"

मी पेल्यातलं पाणी मोरीत ओतलं.

भोंग्या हे यांचं शाळेतलं नाव, आणि पुढे ते खरंच ठरलं. बसस्थानकावर घोषणा करायची नोकरी लागली. वर्षानुवर्षं अख्ख्या गावानं यांचा आवाज ऐकून बस पकडल्या. सुरुवातीला खिडकीपाशी बसून समोर बघून बोलायचे. मग यंत्र आलं. यांना जाड पडदे लावलेल्या खोलीत बसवून यांच्या आवाजाचे तुकडे नोंदवून घेतले. अख्खी वाक्यं नाहीत, तुकडे. आकडे वेगळे, थांब्यांची नावं वेगळी, "कडे" वेगळं, "हून" वेगळं, "मार्गे" वेगळं. यंत्र ते जोडायचं आणि बस सुटायची.

तेव्हा हे घरभर फिरत सराव करायचे. "पूल. पुला. पूल. पुला." मी विचारलं होतं, "पुला म्हणजे काय? पूल म्हणा की नीट." तर म्हणाले, "पुलाकडे म्हणायचं तर 'पूल' चालत नाही. आधी 'पुला' लागतं. ती दोन डब्यांमधली कडी आहे. एकटी काही कामाची नाही, पण ती नसली तर मागचा डबा राहिला मागेच." आणि प्रत्येक तुकडा दोन सुरांत नोंदवायचा. एक खाली ठेवलेला, एक लटकता. वाक्य संपायचं असेल तर सूर खाली ठेवायचा. अजून काही जोडायचं असेल तर वर लटकवून ठेवायचा. "लटकता 'सात' ऐकला की प्रवाशानं हलायचं नाही," हे म्हणायचे, "पुढे काहीतरी यायचंय." मी हसले होते. असल्या कामासाठी सरकार माणसं ठेवतं, म्हटलं.

सर पहिल्यांदा आले त्या दिवशी मी त्यांना नीट न्याहाळून घेतलं होतं. किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि पायमोजे दोन वेगळ्या रंगांचे. त्यांनी पिशवीतून लाकडी चकत्या काढल्या. मोठ्या लाल, लहान पांढऱ्या. लाल चकत्यांवर घर, हात, बाजार, पाणी असं लिहिलेलं. पांढऱ्यांवर ला, ने, त, हून, शी, चा.

"काकू, 'घर' म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं?"

"घर."

"आणि नुसतं 'त' म्हटलं की?"

"काही नाही."

"आणि 'घरात' म्हटलं की?"

"आत आल्यासारखं वाटतं."

"तो 'आत' या एवढ्याशा चकतीत आहे बघा." सरांनी पांढरी चकती माझ्या तळहातावर ठेवली. "घराचे तुकडे करून बघा, घ आणि र. त्यांत घर सापडायचं नाही, नुसता आवाज उरेल. पण 'घरात'चे तुकडे केले तर घर एकीकडे आणि आत दुसरीकडे, दोन्ही शाबूत. अर्थ असलेला सगळ्यांत लहान तुकडा, त्याच्या खाली जाता येत नाही. काकांच्या डोक्यात दोन कपाटं आहेत असं समजा. एकात सामान, दुसऱ्यात बिजागऱ्या नि खिळे. सामानाचं उघडतंय. खिळ्यांचं गंजलंय. उघडतं, पण वेळ लागतो."

हे मला पटलं होतं. माळेतले मणी आणि दोरा, तसंच. पण मग सरांनी यांच्यापुढे लाल चकती ठेवली, "बाजार".

हे म्हणाले, "बाजार… भाजी… आणणं."

"बाजारातून भाजी आणायचीय," मी म्हटलं. "मेथी का हो? परवा पण म्हणत होतात."

यांनी मान हलवली.

"बघा सर, मला सगळं कळतं."

"कळतं ना," सर म्हणाले, "म्हणूनच काकू, तुम्ही बाहेर बसा."

आणि दार लावून घेतलं.

माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याच्या खोलीचं दार. तेव्हा गिळलं. वाटलं, शिकलेली माणसं, त्यांची काही पद्धत असेल. पण आता आतून तो आवाज ऐकल्यावर ते दार मला वेगळंच दिसायला लागलं.

त्या दिवशी सर गेले आणि मी खोलीत शिरले. हे खिडकीपाशी बसले होते. मी चादर नीट करता करता सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणाले सर?"

"सर… हसणं."

"कशाला हसले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं. "मी…" म्हणाले. "मी…"

"तुम्ही काही गंमत सांगितलीत का?"

तोंड मिटलं. मान हलली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. त्यांची नजर खिडकीकडे वळली. चोरी पकडल्यावर माणूस वळवतो तशी, असं मला वाटलं.

चादरीखाली एक पांढरी चकती सापडली. "शी". वन्संना दाखवली तर त्यांनी ती दोन बोटांत लांब धरली.

"ही कसली बीजाक्षरं? ला, ने, शी! हा तुकडेवाला भोंग्यावर काहीतरी मंत्र घालतोय. बघ हं, सांगून ठेवते."

"काहीतरीच काय वन्सं. औषधाचाच भाग आहे तो."

"मग दार का लावतो? कुठला डॉक्टर दार लावून औषध देतो?"

मी नाही म्हटलं खरं, पण ती चकती देवघरात नेऊन तिच्यावर फूल ठेवलं. उगीच शंका राहायला नको.

पुढच्या वेळी सर आले तेव्हा मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "मी जरा खालच्या दुकानात जाऊन येते हं!" दार उघडलं, आपटलं, आणि अनवाणी आत आले. भिंतीला पाठ लावून उभी राहिले. थोडा वेळ नुसत्या चकत्यांचा टकटक आवाज. मग हे. भरदार, गोल, जुना आवाज. बसस्थानकावरचा. एक वाक्य, खाली टेकलेलं. लगेच त्यामागे यांचाच अडखळता आवाज, कुठेतरी तुटणारा. मग परत तो भरदार.

म्हणजे दोन्ही येतं! एक सरांसाठी आणि एक माझ्यासाठी. की तुटकं बोलायचाही सराव करतात? माझ्या मनात काय काय आलं ते लिहायची लाज वाटते. इतकी वर्षं ज्याच्या ताटात वाढलं, त्याला माझ्याशी बोलायचं नाही. आजाराचं निमित्त झालं आणि गप्प राहायची सोय झाली.

वन्संनी परीक्षा घ्यायची ठरवली. मला पसंत नव्हतं, पण मी अडवलंही नाही.

दुपारी हे पडले होते. वन्सं स्वयंपाकघरातून ओरडल्या, "भोंग्या! अरे दूध उतू गेलं! ही बाहेर गेलीय, मला बर्नर बंद होत नाहीये, ये लवकर!" अचानक घाईत माणूस खरं बोलून जातो, असा त्यांचा हिशेब.

काठीची टकटक आली. हे जमेल तितकं पळत आले. गॅस बंद होता. वर भांडंच नव्हतं. मी फ्रिजच्या आडोशाला उभी होते, आणि तिथे उभं राहिलेलं माणूस लपत नाही. त्यांनी ओट्याकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं, मग माझ्याकडे. श्वास चढला होता.

"दूध…" म्हणाले. थांबले. मग म्हणाले, "खोटं."

त्या एका शब्दाला काही जोडावं लागत नाही. ते वळले, खोलीत गेले, आणि या वेळी दार त्यांनी स्वतः लावलं.

"बघ, बोलला की नाही पटकन?" वन्सं म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज उतरला होता. "तुझाच नवरा तो, बाई. तूच काय ते बघ." आणि सोललेला लसूण तसाच टाकून वर निघून गेल्या.

नंतरच्या वेळी मी बाहेर बसले नाही. आतून तो भरदार आवाज सुरू झाल्याबरोबर चहाचा ट्रे घेऊन, दार न वाजवता आत शिरले.

यांचं तोंड मिटलेलं होतं. आणि आवाज येत होता.

टेबलावर चकत्यांच्या शेजारी एक काळी पेटी होती, जेवणाच्या डब्याएवढी. तिच्यातून हे बोलत होते. "जुन्या बाजारामार्गे जाणारी बस आज उशिरा सुटेल." सरांनी घाईनं बटण दाबलं. आवाज मधेच तुटला. यांनी चेहरा भिंतीकडे फिरवला. कपडे बदलताना कुणी आत यावं, तसे अंग चोरून बसले.

"काकू, हे काकांचेच जुने तुकडे आहेत," सर म्हणाले. "डेपोच्या कंट्रोलरना विनंती करून मागून आणले. काका आधी स्वतःचा आवाज ऐकतात, मग तसं म्हणून बघतात. 'बाजार' झालं की 'बाजारा' यायला वेळ लागतो. पण स्वतःच्या आवाजात ऐकलं की वाट सापडते. आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही हे काकांचंच म्हणणं."

"का?"

सर यांच्याकडे बघत थांबले. हे भिंतीकडेच बघत होते.

"आवाज…" हे म्हणाले. "तो… चांगला. हा…"

"हा वाईट, असं म्हणायचंय का? अहो, मला काय त्याचं," मी बोलून गेले.

सरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.  ते बघणं मला आवडलं नाही.

हे माझ्यापासून बोलणं लपवत नव्हते तर. एक ओझं उतरलं. पण संशय घर बदलतो, गाव सोडत नाही. दुपारपर्यंत तो सरांच्या अंगावर जाऊन बसला. हा माणूस रुग्णालयात सांगतो, प्रगती चांगली आहे. कुणाची प्रगती? दाराआडचं सगळं बोलणं पेटीचंच तर होतं!

"अगं, पेटी बोलते आणि शाबासकी हा घेतो!" वन्सं वरून धावतच आल्या होत्या. "आणि भोंग्या आहे तिथेच. उद्या हाच म्हणेल, आता बरे झाले, आणि पेटी उचलून चालता होईल. मग बस बोंबलत."

मी मऊ बोलणारी बाई. आवाज चढवायचा माझा स्वभाव नाही. पण पुढच्या वेळी सरांना दारातच म्हटलं, "सर, पेटी आत न्यायची नाही. यांना जे येतं ते यांच्या तोंडून ऐकू दे."

"ठीक आहे," सर म्हणाले. पेटी त्यांनी माझ्या हातात दिली, मी ती फडताळात ठेवून कुलूप लावलं. "पण दार बंदच राहील, काकू."

"का म्हणून?"

"तुम्ही आत असलात की काका खिळे शोधत नाहीत. तुमच्या तोंडाकडे बघतात. तिथे सगळे तयार मिळतात."

"म्हणजे मी बोलायचंच नाही? नवऱ्याला पाणी हवंय की नकोय हे विचारायचंही नाही?"

"विचारा की. फक्त उत्तर त्यांना देऊ द्या."

राग आला. कालचं पोर मला नवऱ्याशी कसं बोलायचं ते शिकवतंय. जाताना पेटी परत घेऊन गेले, तेव्हा मी खिडकीतून वाकून, ते गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत बघत राहिले. पेटी त्यांच्या पिशवीत होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

त्याच संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला, तोंड मिटलं आणि माळ हातात घेतली. पहिले काही मणी सरकले असतील नसतील, आणि खोलीतून आवाज आला.

तोच. भरदार, गोल.

मणी बोटांत तसाच राहिला. सर गेले होते. पेटी गेली होती. खोलीत हे एकटे.

आवाज थांबला, परत आला. मी देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. दार या वेळी अर्धवट उघडं होतं, शब्द कळत होते.

"आजच्या… चहा… चहात…" प्रत्येक तुकडा वेगळा, घडी घालून ठेवावा तसा. "साखर… नाही."

"नाही" नीट खाली टेकलं. बस सुटल्यासारखं.

माझ्या अंगावर काटा आला. आणि दुसऱ्याच क्षणी राग. म्हणजे सर दुसरी पेटी ठेवून गेले! लहानशी असेल, उशीत बसेल अशी. मला गप्प करायला. चहा नि साखर बसस्थानकावर कुठून येणार, हे डोक्यात आलं; पण संशयाला असली अडचण अडवत नाही. मोबाइलवर नोंदवलं असेल. हल्ली आवाजाचं काहीही करतात म्हणे.

विचारता तर येत नव्हतं. दिव्यात तेल भरपूर होतं आणि माझं तोंड देवाकडे ठेवलेलं. मी तशीच आत गेले आणि शोधायला लागले.

हे पलंगावर बसले होते. मी उशी उचलली. खाली काही नाही. दुसरी उशी. अभ्रा उलटा केला. गुडघे टेकून पलंगाखाली हात घातला, एक जुनी चप्पल निघाली. टेबलाचा खण उघडला, औषधं, चष्म्याचं घर. पडद्यामागे बघितलं. यांच्या पाठीमागचा लोड ओढून काढला तेव्हा ते किंचित कलंडले. नुसते माझ्याकडे बघत होते. शेवटी मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा. हात तिथेच, छातीवर राहिला.

आणि छाती घुमली.

"आजच्या," ती म्हणाली. माझ्या तळहाताखाली. ढोलकीवर हात ठेवला की कळतं तसं कळलं. त्यांचे ओठ हलत होते, कपाळावर शीर ताणली होती, डोळे माझ्यावर होते.

पेटी कुठेच नव्हती. आवाज इथून येत होता. स्थानकावरच्या सुरात येत होता, कारण वाट त्यांना त्या सुरातूनच सापडली होती. आणि बोलायला त्यांनी हीच वेळ निवडली होती, माझ्या मौनाची. घरात एवढा एकच वेळ असा होता की त्यांचं वाक्य त्यांच्याआधी कुणी पूर्ण करणार नव्हतं.

मी तिथेच पलंगाशेजारी खाली बसले. सगळीकडे उशा पडल्या होत्या, अभ्रा उलटा, मधे ती चप्पल. यांनी तो सगळा पसारा एकदा पाहिला. मग मला पाहिलं. ओठांचा एक कोपरा वर गेला.

"काय," ते म्हणाले. "शोध…"

आणि थांबले.

माझ्या जिभेवर बाकीचं सगळं तयार होतं. नेहमीच असतं. ते बाहेर ढकलायला ओठ उघडलेच होते, तेवढ्यात तो सूर माझ्या कानात शिरला. "शोध" खाली टेकलं नव्हतं. वर लटकत होतं. पुढे काहीतरी यायचंय, हलू नका, असं म्हणणारं.

आणि मला आठवलं, "पाणी" पण असंच लटकायचं. "बाजार" पण. "मी" पण. रोज. मीच ते खाली पडायच्या आत झेलून माझ्या ओंजळीत घेत होते.

मी ओठ मिटले. देवघरात दिवा होता, पण आता मी त्याच्यासाठी गप्प नव्हते.

त्यांचा जबडा हलला. हात चादरीवर चकत्या सरकवल्यासारखा सरकला. एक तुकडा नाही, दुसरा नाही. बघवत नव्हतं. कुणी दारात किल्ली शोधत उभं आहे, आपल्याकडे दुसरी किल्ली आहे, आणि द्यायची नाही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि वन्सं दारात. "अगं बाई! चोर शिरला होता का घरात? काय उचकापाचक ही? भोंग्या, काय रे झालं?"

यांनी बहिणीकडे पाहिलं नाही. "काय… शोध…" परत म्हणाले. माझ्याकडे बघून.

"काय शोधते—" वन्संनी तोंड उघडलं.

मी उठले आणि त्यांच्या तोंडावर हात ठेवला. थोरल्या नणंदेच्या तोंडावर! लसणाचा वास, आणि वर विस्फारलेले डोळे. माझ्या हाताखाली त्या आणखी काहीतरी म्हणाल्या, ते मी हातातच ठेवलं.

तिघंही थांबलो. देवघरातली वात तडतडली. खाली रस्त्यावर एक बस थांबली, तिची दारं उघडली, मिटली, आणि ती निघून गेली.

"…तेस?" ते म्हणाले.

स्थानकावरचा नव्हता तो आवाज. तिथे कुणी कुणाला 'तू' म्हणत नाही, हा तुकडा त्यांनी कधी नोंदवलाच नव्हता. जरासा चिरका, जरासा चिडवणारा. लग्न झाल्यापासून माझ्याशी बोलायचे, तो.

वन्संचे डोळे माझ्या हातावर ओले झाले, तरी मी हात काढला नाही. अजून यांचं काही राहिलं असेल तर.